विहिरीला पाणी होतं

श्रावण लागला आणि पावसानं दडी मारली. धरणगावच्या शिवारात कपाशी पात्या-फुलांवर आली होती आणि जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या. आबांनी सकाळीच विहिरीवर जाऊन मोटारीचं बटण दाबलं. मोटार फिरली, आवाजही नेहमीचाच, पण पाइपाच्या तोंडाशी पाण्याचा थेंब नाही. नुसती फुसफुस.

बांधावरून शेजारी म्हणाला, "आबा, विहीर आटली वाटतं औंदा."

आबांनी एक ढेकूळ उचललं आणि विहिरीत टाकलं. खालून 'डुबुक' असा भरीव आवाज आला.

"पाणी आहे," आबा म्हणाले. "मोटार हवा धरतेय."

मोटारसायकल काढून ते मिस्तरीला आणायला गावात गेले.

त्याच वेळी त्यांच्या घरात, मागच्या खोलीत, सात दिवसांची नात रडत होती. रडून रडून तिचा आवाज चिरकला होता. तिथं मात्र ढेकूळ टाकून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. घरादारानं निकाल देऊन टाकला होता : "हिला दूधच नाही."

लेक पहिल्या बाळंतपणाला पारोळ्याहून माहेरी आलेली. जळगावच्या एका दवाखान्यात सुखरूप सुटका झाली. मुलगी, वजन 2 किलो 800 ग्रॅम. चौथ्या दिवशी धरणगावला घरी आणलं, दुसऱ्या दिवशी पाचवी पुजली, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. गल्लीतली प्रत्येक बाई येताना एक उपाय घेऊन यायची. अळिवाची खीर झाली, बाळंतशोपा झाल्या, शतावरी झाली, बाजरीची भाकरी आणि खोबरं झालं. दृष्ट काढून झाली. सगळं काही लेकीच्या पोटात गेलं. पण बाळ अंगावर घेतल्यावर नेमकं काय होतं, हे जवळ बसून कुणी पाहिलं नाही.

काय होत होतं, ते लेकीला एकटीला ठाऊक होतं. चौथ्या दिवसापासून छाती दगडासारखी घट्ट झालेली. बाळ तोंड लावायचं की तिच्या डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. दोन्ही बोंडांना भेगा पडलेल्या. दर वेळी ती डाव्या हातानं बाजेची कड घट्ट धरायची आणि दात आवळून शंभरपर्यंत मोजायची. बाळ पाच मिनिटं चोखायचं, सुटायचं, रडायचं, थकून झोपायचं आणि अर्ध्या तासात पुन्हा उठायचं. दिवसभरात लंगोट ओला व्हायचा तीनदा, तोही पिवळाधमक.

आई हे सगळं दारातून बघायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. तिच्या मनात सव्वीस वर्षांपूर्वीचं एक जुनं दुखणं होतं. हीच लेक झाली तेव्हा दहाव्या दिवशी तिचंही दूध 'आटलं' होतं. लेक शेळीच्या दुधावर वाढली. गल्लीतली एक बाई तेव्हा म्हणाली होती, "हिच्या अंगातच नाही." त्या वाक्याला आईनं कधी उत्तर दिलं नाही आणि ते वाक्य ती कधी विसरलीही नाही. आता लेकीकडं बघून ती एवढंच म्हणायची, "माझ्यावर गेली बिचारी."

ओसरीवर खाटेवर आजी पडून असायची. सहा लेकरं वाढवलेली, आता डोळ्यांनी अधू झालेली. बाळाचा आवाज ऐकून ती सारखी म्हणायची, "पोरगी भुकी शे वं, पोरगी भुकी शे." तुम्ही कसं पाजायचा, असं लेकीनं विचारलं तर म्हणाली, "ते काय शिकवावं लागतं? आपोआप येतं."

आजी खोटं बोलत नव्हती. पण ती एक गोष्ट विसरली होती. ती लहान असताना घरात कायम कुणी ना कुणी बाळंतीण असायची. काकू, आत्या, थोरली बहीण, सगळ्या तिच्यासमोर पाजायच्या. बाळ कसं धरतात, मान कुठं टेकवतात, तोंड कसं देतात, हे सातव्या वर्षापासून तिनं शेकडो वेळा पाहिलेलं. ती शिकली होती, पण आपण शिकतोय हे तिला कधी कळलं नव्हतं. तिच्या नातीनं, म्हणजे या लेकीनं, मात्र आयुष्यात एकदाही दुसऱ्या बाईला पाजताना जवळून पाहिलं नव्हतं. तिच्या वाट्याला बंद दाराची खोली आली होती.

कोनाड्यात पावडरच्या दुधाचा एक डबा येऊन बसला होता. धाकटा भाऊ मेडिकलमधून घेऊन आला होता. "आज संध्याकाळी सुरू करू," असं ठरलं होतं.

सातव्या दिवशी आशाताई आल्या. त्यांनी बाळाचा ताप पाहिला, श्वास मोजले, झोळीच्या काट्याला बाळ अडकवलं. काटा 2 किलो 540 वर थांबला.

आशा नवजात बाळाच्या घरी ठरल्या दिवशी येते, यामागं महाराष्ट्राचीच एक कहाणी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1990च्या दशकात खेड्यातल्या बायांनाच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या बाया घरोघर जाऊ लागल्या आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते जगापुढं मांडलं, आणि 2011 पासून देशभरात आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळ कुठं अडखळतं ते याच दिवसांत दिसतं.

"दोनशे साठ ग्रॅम उतरलंय," आशाताई म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात थोडं उतरतंच. पण दहावा हिस्सा उतरायला आलं की थांबायचं नसतं. आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात चला. तिथल्या सिस्टर पाजण्याचं शिकलेल्या आहेत, त्या बघतील."

आई एकदम म्हणाली, "दूध पाजायला दवाखान्यात? लोक काय म्हणतील, आशाताई? ज्याच्या त्याच्या अंगात असतं ते. नाही तर नाही."

तेवढ्यात दारात आबा येऊन उभे राहिले. हाताला ग्रीस आणि सफेदा लागलेला. बाळंतिणीच्या खोलीत ते सहसा येत नसत. उंबऱ्याबाहेरच थांबून, कोनाड्यातल्या डब्याकडं बघत ते बोलले.

"मिस्तरीनं दोन मिनिटांत सांगितलं. विहिरीचा दोष नाही, मोटारीचाही नाही. पाइपाच्या सांध्यात फट होती, तिथून हवा शिरत होती. त्यानं सुतळी गुंडाळली, सफेदा लावला, मोटारीत पाणी भरलं. पहिल्या झटक्याला धार आली." ते क्षणभर थांबले. "मोटारीसाठी मी गावभर फिरून जाणता माणूस आणला. माझ्या लेकीसाठी आणला नाही. चूक माझीच झाली. रिक्षा आणलीय, चला."

दवाखान्यात आधी डॉक्टरांनी बाळाला तपासलं. ताप नव्हता, बाळ सुस्त नव्हतं, कावीळ काळजी करण्याइतकी नव्हती. मग सिस्टर आल्या. त्यांनी पडदा ओढून घेतला, लेकीच्या पाठीमागं उशी लावली, पायाखाली पाट दिला आणि म्हणाल्या, "ताई, घरी जसं पाजता तसंच पाजा. मी आधी नुसतं बघते."

सात दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी नुसतं बघत होतं.

लेकीनं बाळाला मांडीवर आडवं घेतलं. बाळ छताकडं तोंड करून पडलेलं. तिनं त्याचं डोकं मागून धरून पुढं दाबलं. बाळानं बोंड तोंडात घेतलं. लेकीनं कॉटची कड धरली. बाळाच्या गालाला खळी पडत होती आणि दर दोन-तीन चोखण्यांनंतर 'टच्, टच्' आवाज येत होता.

"ऐकलात?" सिस्टर म्हणाल्या. "हा आवाज दूध गिळण्याचा नव्हे. पकड सुटतेय आणि हवा आत जातेय."

आईनं दचकून वर पाहिलं. सकाळचे आबांचे शब्द तिच्या कानात होते.

"मावशी, तुम्ही कापूस वेचलाय?" सिस्टरनं विचारलं.

"जन्मभर."

"बोंडाचं टोक चिमटीत धरून ओढलं तर कापूस निघतो?"

"नाही हो. तुटतो. बोटं पार मुळाशी घालावी लागतात."

"बाळाचंही तसंच. नुसतं टोक तोंडात धरून दूध निघत नाही आणि आईला भेगा पडतात. भोवतीचा काळसर भाग मोठा घास घेतल्यासारखा तोंडात जायला हवा. पण आत्ता छाती इतकी घट्ट आहे की बाळाला तो घासच घेता येत नाही. म्हणून आधी थोडं मोकळं करू."

सिस्टरनं गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं दोन मिनिटं छातीवर ठेवलं. मग लेकीचाच हात धरून दाखवलं. अंगठा वर, बोट खाली, काळ्या भागाच्या कडेवर. आधी मागं बरगडीकडं दाबायचं, मग हलकेच चिमटायचं. ओढायचं नाही, घासायचं नाही. पहिल्या चार-पाच वेळा काही आलं नाही. मग एक थेंब आला, आणखी एक, आणि मग बारीक धार उडून सिस्टरच्या हातातल्या वाटीत पडली.

लेक त्या वाटीकडं बघत राहिली. आईच्या तोंडून शब्द फुटेना.

"आता बाळाला घ्या. त्याचं पोट तुमच्या पोटाला. कान, खांदा, कंबर एका रेषेत. डोकं दाबू नका, मानेला आणि खांद्याला आधार द्या. नाक बोंडासमोर आणा. आता थांबा. घाई नको. जांभई दिल्यासारखा मोठा आ करेल तेव्हा बाळाला जवळ ओढा, आधी हनुवटी टेकू द्या."

दोनदा चुकलं. दोन्ही वेळा सिस्टरनं बाळाच्या तोंडात करंगळी सारून अलगद सोडवायला शिकवलं. तिसऱ्यांदा बाळानं मोठा आ केला, हनुवटी छातीत रुतली, खालचा ओठ बाहेर मुडपला आणि गाल फुगले. लेकीचा हात कॉटच्या कडेकडं गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

"दुखत नाहीये," ती पुटपुटली.

खोलीत कुणी बोललं नाही. त्या शांततेत सगळ्यांनी ऐकलं : घुटुक. मग जरा थांबून पुन्हा, घुटुक. सात दिवस आवळलेली बाळाची मूठ हळूहळू उलगडली आणि पंजा आईच्या छातीवर सपाट पडला.

आई उठून सिस्टरजवळ गेली. हळूच विचारलं, "माझं पण असंच असेल का हो? सव्वीस वर्षांपूर्वी?"

सिस्टरनं खोटा दिलासा दिला नाही. "आता कसं सांगणार, मावशी? पण एवढं खरं, की तेव्हा तुम्हाला कुणी जवळ बसून पाहिलंच नाही. न पाहता दिलेला निकाल तुम्ही इतकी वर्षं वागवलात."

आई पदर तोंडाला लावून पडद्याआड उभी राहिली. सव्वीस वर्षांचं ते रडणं होतं.

सिस्टरनं मग सगळं नीट समजावलं. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. दोन दिवस प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर हातानं काढलेलं दूध वाटी-चमच्यानं द्यायचं, म्हणजे वजन भरून येईल. बाटली नको. बोंडावर आपल्याच दुधाचे थेंब लावून वाळू द्यायचे. लंगोट सहा वेळा तरी ओला व्हायला हवा. मध, गुटी, साखरपाणी बंद. सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको, खान्देशच्या उन्हाळ्यातही नको, कारण आईच्या दुधात शंभरातले जवळजवळ अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. आणि परवा पुन्हा वजनाला यायचं.

"पहिल्या दिवशी चीक काढून टाकला होता," आईनं कबूल केलं. "पिवळा, चिकट दिसला म्हणून."

"मावशी, म्हैस व्याली की रेडकाला चीक पाजल्याशिवाय तुम्ही राहता का? हाही तोच. बाळाची पहिली लस आहे ती. झालं ते झालं, पुढच्या वेळी थेंबही वाया घालवू नका."

"आणि तो डबा?"

"घरी गेलात की त्याच्यावर काय छापलंय ते वाचा."

सिस्टरचं हे शहाणपण जन्मजात नव्हतं. तेही कुणीतरी शिकवलेलं होतं. 3 डिसेंबर 1991 रोजी आपल्या वर्ध्यात काही डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र आले आणि 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' उभं राहिलं. पुढच्याच वर्षी, 1992 मध्ये, बाळाच्या पावडरच्या दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा झाला. 2016 मध्ये केंद्र सरकारनं 'माँ' हा कार्यक्रम सुरू केला. दवाखान्यातल्या परिचारिकांना आणि आशाताईंना पाजण्याबाबत सल्ला द्यायला शिकवणं, हा त्याचा एक भाग. म्हणजे एका बाईची बोटं दुसरीच्या हाती नीट ठेवता यावीत, यासाठी अनेक माणसं वर्षानुवर्षं खपली आहेत.

निघताना आईनं शेवटचा प्रश्न विचारला. "आणि खरंच दूध कमी असलं तर?"

"असतं काही जणींना," सिस्टर म्हणाल्या. "आजारपणामुळं, थायरॉइडमुळं, आणखीही कारणं असतात. मग डॉक्टर ठरवतात काय द्यायचं, किती द्यायचं. तेव्हा डबा लागला तरी त्यात लाज नाही. मुंबईत सायनच्या टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी काढली. एका आईचं दूध तिथं दुसरीच्या अशक्त बाळाला मिळतं. आणि ही रीत आपल्याला नवी आहे का? 1657 मध्ये पुरंदरावर शंभूराजे जन्मले. सईबाईसाहेबांचं दूध पुरेना, तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी त्यांना आपलं दूध पाजलं. राजाच्या घरात मदत घेताना कुणाला कमीपणा वाटला नाही, मावशी. मग आपल्या घरात का वाटावा?"

घरी आल्यावर भावानं डबा खाली काढला आणि वाचला. आईचं दूध तुमच्या बाळासाठी सर्वोत्तम आहे, असं त्या डब्यानंच ठळक सांगितलं होतं. कायद्यानं ते छापावंच लागतं. इतका वेळ तो डबा कोनाड्यातून हेच सांगत होता आणि घरात कुणी तो हातात घेऊन वाचला नव्हता.

दोन दिवसांनी बाळाचं वजन 2 किलो 600 भरलं. चौदाव्या दिवशी आशाताईंनी झोळी अडकवली आणि काटा 2 किलो 810 वर गेला. जन्माचं वजन भरून निघालं होतं. आजीला काटा दिसला नाही. तिनं विचारलं, "पोरगी रडत का नही वं?" लेकीनं बाळाला तिच्या खाटेवर नेलं आणि पाजत असताना आजीचा हात धरून बाळाच्या गळ्यावर ठेवला. दर घोटाला तिथं बारीक हालचाल होत होती. आजी बराच वेळ तिथून हात काढेना.

दिवाळीच्या आधी, कापूस वेचणीच्या धांदलीत, पलीकडच्या घरात सून बाळंत झाली. पाचव्या दिवशी ओसरीवर बाया जमल्या. एक म्हणाली अळीव द्या, दुसरी म्हणाली शतावरी द्या, तिसरी हळूच म्हणाली, "तिच्या अंगातच नसेल."

आई शेतातून येत होती. ओटीत कापूस होता. ते शब्द कानावर पडताच ती थांबली. सव्वीस वर्षांपूर्वी हेच वाक्य तिच्यासाठी कुणीतरी बोललं होतं आणि तेव्हा भरल्या ओसरीवर त्याला अडवणारं कुणी नव्हतं. तिनं ओटी तिथंच रिकामी केली, आत गेली आणि रडणाऱ्या सुनेच्या उशाशी बसली.

"पोरी, दुखतंय का?" तिनं विचारलं. सुनेनं मान हलवली.

"मग दूध आहे की नाही, हे आपण नको ठरवायला. बघणारी जाणती बाई आहे दवाखान्यात. ऊठ, मी येते तुझ्यासोबत."

तात्पर्य : पान्हा देहातून येतो, पण पाजणं हातानं शिकावं लागतं. जे शिकावं लागतं ते विचारण्यात कुठल्याही आईचं उणेपण नाही. ढेकूळ टाकून पाहिल्याशिवाय विहीर आटली असं आपण म्हणत नाही. मग जाणत्या माणसानं जवळ बसून पाहिल्याशिवाय कुठल्याही आईला कोरडी म्हणू नये.